एचएलएस वापरून तीन वर्षं: लँडसॅट आणि सेंटिनेल खरंच एका रांगेत बसतात का?

२५ जानेवारी २०२२ या तारखेला माझं एक अख्खं जंगल मेलं. खरोखरीचं नाही, ग्राफवरचं. आदल्या आठवड्यापर्यंत ०.८३ च्या आसपास डोलणारा एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक: जवळचा इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज) त्या तारखेला थेट ०.५४ वर आपटला आणि तिथेच बसून राहिला. मी आग शोधली, तोड शोधली, कीड शोधली. काहीच हाती लागेना, तेव्हा ग्राफ सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "अगं, जंगल असं पायरी उतरल्यासारखं मरत नाही. मोजणाऱ्यात काय बदललंय ते बघ आधी."

बदललं होतं. त्या दिवसापासून सेंटिनेल-२ या युरोपीय सॅटेलाइटच्या डेटावर नवी प्रक्रिया सुरू झाली होती, बेसलाइन ०४.०० नावाची. खोल पाणी, गडद सावल्या अशा काळोख्या जागी आकडा शून्याच्या खाली गेला की तो कापला जायचा. ते टाळण्यासाठी प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवायला सुरुवात झाली. वापरणाऱ्याने आधी १००० वजा करायचे आणि मग १०,००० ने भागायचं. सूचना रीतसर आली होती. मी वाचली नव्हती. लाल बँडमधले (बँड म्हणजे सेन्सर वेगळा मोजतो तो प्रकाशाचा एक तुकडा) ३०० झाले १३००, जवळच्या इन्फ्रारेडमधले ३३०० झाले ४३००. वजाबाकी तीच राहिली, ३०००. बेरीज मात्र ३६०० वरून ५६०० झाली. छेद फुगला आणि जंगल वाळलं. आणि मी आठवडाभर सेन्सर बिघडला म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

तेव्हापासून अमेरिकेचा लँडसॅट आणि सेंटिनेल यांची मालिका घरच्या घरी शिवायचा उद्योग मी बंद केला आणि एचएलएस वापरायला लागले. पूर्ण नाव हार्मोनाइज्ड लँडसॅट सेंटिनेल-२, आवृत्ती २.०, नासाकडून मोफत मिळतं. तीन वर्षं रोज वापरल्यावर जे मत बनलं ते लिहिते आहे.

आधी हातात काय पडतं ते सांगते. लँडसॅट ८ आणि ९ ची दृश्यं 'एल३०' या नावाने येतात, सेंटिनेल-२ ची 'एस३०' या नावाने. दोन्ही ३० मीटरच्या पिक्सेलवर, एकाच चौकटीच्या जाळ्यात कापलेली, प्रत्येक टाइल ३६६० गुणिले ३६६० पिक्सेलची. एल३० एप्रिल २०१३ पासूनचं आहे, एस३० नोव्हेंबर २०१५ पासूनचं. एकटा लँडसॅट १६ दिवसांनी परत येतो. हे सगळे मिळून दोन-तीन दिवसांत एकदा तीच जागा बघतात. ढगांच्या महिन्यांत हा फरक किती मोठा असतो ते ज्याने १६ दिवस वाट पाहून नेमकं ढगाळ दृश्य पदरात घेतलंय त्यालाच कळेल.

पण चौकट एक केली म्हणून मोजमाप एक होत नाही. खरा प्रश्न असा, की लँडसॅटचं ०.३० परावर्तन (जमिनीने परत फेकलेल्या प्रकाशाचा वाटा) आणि सेंटिनेलचं ०.३० हे एकच आहे का?

याचं उत्तर एचएलएसच्या आत नाही, त्याच्या आधी आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या डेटाला तारे देण्यात अर्थ नाही. सॅटेलाइट सोडण्याआधी प्रयोगशाळेत सेन्सर कितीही काटेकोर मोजलेला असला, तरी उड्डाणाचे हादरे, निर्वात आणि वर्षानुवर्षांचं ऊन यातून तो जात असतो. वर जाऊन त्याला कोणी हात लावू शकत नाही. मग तो स्वतःला तपासणार कसा? लँडसॅटच्या ओएलआय सेन्सरपुढे एक पांढरी पट्टी येते, डिफ्यूझर. तिच्यावर सूर्यप्रकाश पाडून सेन्सर तो प्रकाश मोजतो. पण पट्टीसुद्धा उन्हाने काळवंडते, आणि निळ्या रंगात आधी काळवंडते. म्हणून ओएलआयवर दोन पट्ट्या आहेत: एक नेहमीच्या वापराची, दुसरी फार क्वचित उघडायची, पहिली किती म्हातारी झाली ते पाहण्यापुरती. शिवाय आतले दिवे आहेत. आणि महिन्यातून एकदा पौर्णिमेच्या आसपास अख्खा सॅटेलाइट वळून चंद्राकडे बघतो. चंद्रावर हवा नाही, झाडं नाहीत, पाऊस नाही. दिसण्यातला फरक चंद्राच्या कलेमुळे आणि अंतरामुळे पडतो, आणि तो हिशोबाने काढता येतो. सेन्सर बिघडत चाललाय का हे बघायला यापेक्षा शांत साक्षीदार नाही. मात्र तो मुळात बरोबर आहे का, हे चंद्र तितक्या खात्रीने सांगू शकत नाही.

हा भाग नीरस वाटत असेल तर नासाच्या टेरा सॅटेलाइटची गोष्ट ऐका. डिसेंबर १९९९ मध्ये उडालेल्या टेरावरच्या मोडिस सेन्सरचे निळ्या बाजूचे बँड वर्षं सरली तसे मंदावत गेले. दुरुस्ती पुरी पडली नाही आणि त्याच्या एनडीव्हीआयमध्ये हिरवळ घटल्याचा कल दिसू लागला. तसाच मोडिस अॅक्वा या दुसऱ्या सॅटेलाइटवरही होता, तो मे २००२ पासून फिरत होता, म्हणून दोघांची तुलना करता आली. २०१२ मध्ये दाखवून दिलं गेलं की त्या घटीचा काही भाग झाडांचा नव्हताच, सेन्सरच्या म्हातारपणाचा होता. पुढे कलेक्शन ६ या मोडिस डेटाच्या नव्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. माझं जंगल एका दिवसात मेलं म्हणून सापडलं. तेच दहा वर्षांत हळूहळू मेलं असतं तर मी त्यावर अहवाल लिहून मोकळी झाले असते.

एकाच सेन्सरची ही कथा, तर दोन संस्थांचे दोन सेन्सर जुळवायचे म्हणजे काय! लँडसॅट ८ आणि ९ तसे भाऊ-भाऊ, पण एकाच ७०५ किलोमीटरच्या कक्षेत आठ दिवसांच्या अंतराने फिरतात, त्यामुळे एकाच वेळी एकाच जमिनीवर दोघे कधीच नसतात. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये, लँडसॅट ९ त्याच्या जागेवर चढत असतानाच, त्याला काही दिवस ८ च्या बरोबर खालून नेलं. वरून मोठा, खालून धाकटा, जमीन तीच, ऊन तेच, हवा तीच. अशी संधी एकदाच मिळते, आणि तीत मिळालेल्या हजारो जोड्यांवर ९ ची मापं ८ शी जुळवली गेली. माझ्या कामात ८ आणि ९ मधला फरक मला आजवर दिसलेला नाही, आणि त्याचं श्रेय त्या काही दिवसांना आहे.

सेंटिनेल-२ मात्र ७८६ किलोमीटरवर. कक्षेची चाल वेगळी. दोघांच्या वाटा अधूनमधून एकमेकींना छेदतात आणि काही मिनिटांच्या फरकाने दोघे एकच जागा बघतात, तेव्हाच्या जोड्या कामी येतात. एरवी वाळवंट. लिबिया-४ नावाची एक जागा आहे, सहाराच्या लिबियातल्या भागात, साधारण २८.५ अंश उत्तर आणि २३.४ अंश पूर्व. वाळूच्या टेकड्या, बाकी काही नाही. पाऊस जवळपास नाही, वस्ती नाही, म्हणून वर्षानुवर्षं ती तशीच दिसते, आणि कॅलिब्रेशनवाल्यांचं, म्हणजे सेन्सरची मापं तपासून जुळवणाऱ्यांचं, ते पंढरपूर झालं आहे. जमिनीवरची उपकरणं हवी असतील तर रॅडकॅलनेट आहे. नामिबियातलं गोबाबेब, अमेरिकेतली रेलरोड व्हॅली, फ्रान्समधलं ला क्रो आणि चीनमधलं बाओटो इथे उपकरणं कायमची रोवलेली आहेत, आणि सकाळी ९ ते दुपारी ३ दर अर्ध्या तासाला वातावरणाच्या माथ्यावर किती परावर्तन दिसायला हवं त्याचा आकडा मिळतो. सॅटेलाइट वरून जे म्हणतो ते खालून ताडून बघायचं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा सरळ हिशोब.

या सगळ्यातून लँडसॅट ८ आणि सेंटिनेल-२ चे जुळणारे बँड साधारण एक-दोन टक्क्यांत एकमेकांशी जमतात. सेंटिनेलची २ए आणि २बी ही जोडीसुद्धा एकमेकींपासून टक्काभर सरकलेली होती, ती त्याच बदनाम ०४.०० बेसलाइनमध्ये जुळवली गेली. म्हणजे ज्या बदलाने माझं जंगल मारलं त्याच बदलात एक चांगलं कामही होतं. असो.

एचएलएस हे सगळं वारशात घेतं आणि त्यावर स्वतःची तीन कामं करतं. पहिलं, दोन्हींवरून हवेचा पडदा काढताना एकच प्रोग्रॅम वापरतं, लासआरसी. हे माझ्या मते या डेटाचं सगळ्यात मोठं मोल आहे, आणि जाहिरातीत मात्र ते तिसऱ्या ओळीत असतं. सेंटिनेलचा नेहमीचा जमिनीच्या परावर्तनाचा डेटा सेन२कॉर नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रॅममधून येतो. तो आणि लँडसॅटचा डेटा शेजारी ठेवला की फरक सेन्सरचा की धुक्याच्या हिशोबाचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

किती फरक पडतो ते त्याच जंगलावर बघा. लाल ०.०३, इन्फ्रारेड ०.३३, एनडीव्हीआय ०.८३३. आता समजा दोन सेन्सरच्या लाल बँडमध्ये २ टक्के फरक आहे. लाल झाला ०.०३०६. एनडीव्हीआय ०.८३०. फक्त तीन हजारांश. आता सेन्सर अगदी जुळलेले आहेत असं धरा, पण हवेतल्या धुळीचा अंदाज थोडा चुकला आणि लाल ०.०१ ने वर राहिला. ०.०४ झाला की एनडीव्हीआय ०.७८४. पाच शतांश गेले! कॅलिब्रेशनवाल्यांनी वीस वर्षं घाम गाळून जे तीन हजारांश वाचवले, त्याच्या सोळापट एका धुरकट सकाळी जातात. ज्याला पन्नास वर्षांचा हवामानाचा कल काढायचाय त्याला ते तीन हजारांश प्राणासारखे जपावे लागतात. मला एका हंगामाचा आलेख हवा असतो. मला सकाळ धुरकट होती का, हे आधी कळायला हवं.

दुसरं काम बँडच्या रुंदीचं. दोन्हीकडे नाव 'लाल' असलं तरी प्रत्येक सेन्सर लाल रंगाचा थोडा वेगळा तुकडा पाहतो. इन्फ्रारेडमध्ये तर सेंटिनेलचा बी८ हा ऐसपैस पसरलेला आहे आणि बी८ए अरुंद. लँडसॅटशी जुळतो तो बी८ए. एचएलएस त्यालाच जोडीला घेतं आणि सेंटिनेलच्या प्रत्येक जुळणाऱ्या बँडला एक गुणक आणि एक छोटी बेरीज-वजाबाकी लावून लँडसॅटच्या भाषेत आणतं. लाल आणि निळ्याचा गुणक ०.९८ च्या आसपास, अरुंद इन्फ्रारेडचा जवळजवळ १. अडचण अशी, की हा गुणक सरसकट आहे. कोरडी माती, भिजलेली माती, कोवळं पीक, पिकलेलं पीक, सगळ्यांना एकच माप. सरासरीला ते बरोबर बसतं. पण तुमची जागा सरासरी नसेल तर थोडंसं उरतं.

तिसरं काम कोनाचं. सॅटेलाइट तिरका बघतो तेव्हा सावल्या कमी-जास्त दिसतात. सेंटिनेलचा पट्टा २९० किलोमीटर रुंद, लँडसॅटचा १८५, त्यामुळे सेंटिनेल कडेला जास्त तिरका होतो. एचएलएस दोघांनाही सरळ वरून पाहिल्यासारखं करतं. इथेही गुणांक जगभरासाठी एकच संच. शेतावर ठीक चालतं. उंच झाडांच्या तिरक्या सावल्यांवर तितकं चालत नाही, असा माझा अनुभव.

विकत घेतलेली वस्तू घरी आणून वाजवून बघतात तशी मीही लिबिया-४ ची दृश्यं उतरवून घेतली. मधला एक चौकोन घेतला, प्रत्येक तारखेची सरासरी काढली, एल३० ला निळे ठिपके, एस३० ला केशरी. वर्षभराची एक मंद लाट दिसली, हिवाळ्यात सूर्य खाली येतो आणि टेकड्यांच्या सावल्या लांबतात त्याची. पण निळे आणि केशरी ठिपके त्या लाटेवर एकमेकांत मिसळून गेले होते. इन्फ्रारेडमध्ये रंग काढून टाकले असते तर कोणता कोणाचा ते मला सांगता आलं नसतं. निळ्या बँडमध्ये सांगता आलं असतं, थोडं डोळे बारीक करून. जंगलावर तीच कसरत केली तेव्हा ठिपके जास्त विखुरले, पण विखुरण्याला सेन्सरचा रंग नव्हता, दिवसाचा होता: एकाच आठवड्यातले निळे-केशरी दोन्ही ठिपके एकदमच खाली आलेले. म्हणजे हवा. सरांना हे चित्र दाखवलं तर म्हणाले, "मग आता भांडण सेन्सरशी नाही ना?" नाही.

आता तक्रारी. दोन सेन्सर एक केले पण बँडची नावं एक केली नाहीत! एल३० मध्ये बी०५ म्हणजे अरुंद इन्फ्रारेड. एस३० मध्ये बी०५ म्हणजे रेड एज, लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला चढ. एस३० चा अरुंद इन्फ्रारेड बी८ए. मूळ सॅटेलाइटचे क्रमांक जपायचे म्हणून हे असं ठेवलंय, कारण समजतं, पण 'हार्मोनाइज्ड' या शब्दावर विश्वास ठेवून एकच स्क्रिप्ट दोन्हीवर चालवली की रेड एजचा एनडीव्हीआय निघतो, कमी आणि तरीही पटेल असा. धाडकन आपटत नाही, म्हणून जास्त घातक. हे मी केलं आहे. एक पूर्ण दुपार.

एफमास्क नावाचा थर दर दृश्याबरोबर येतो. ढग, ढगाची सावली, ढगाची कड, बर्फ, पाणी आणि धुळीचं प्रमाण, सगळं एका आठ बिटांच्या आकड्यात कोंबलेलं. ६४ दिसलं की स्वच्छ आणि धूळ कमी. १९४ म्हणजे १२८ अधिक ६४ अधिक २, म्हणजे ढग आणि वर धूळ जास्त. सुरुवातीला मी फक्त ढगाचा बिट तपासत होते. धुळीचे शेवटचे दोन बिट तपासायला लागल्यापासून माझ्या आलेखातले निम्मे काटे गेले. वर सांगितलेले पाच शतांश जिथून जातात ते भोक इथे आहे, आणि बुजवायचं साधनही इथेच, डेटाच्या आतच. कागदपत्रांत ते लिहिलेलं आहे, फक्त कोणी वाचत नाही. (कोण वाचत नाही ते आपण पाहिलंच.) चकचकीत वाळू किंवा पांढऱ्या छतांना हा थर कधीकधी ढग समजतो, तेवढं सोडून द्यायचं.

टाइल एकमेकींवर सुमारे दहा किलोमीटर चढलेल्या असतात. कडेचं शेत दोन टाइलमध्ये येतं आणि एकाच दिवसाचं एकच मोजमाप दोनदा धरलं जातं. जागा निवडतानाच बघून घ्या.

आणि ३० मीटर. सेंटिनेलचे दहा मीटरचे नऊ पिक्सेल मिसळून इथे एक होतो. अर्ध्या हेक्टरच्या तुकड्यात साडेपाच पिक्सेल बसतात, त्यातले कडेचे शेजाऱ्याचे, म्हणजे हाती एखाद-दुसराच. असे लहान तुकडे हेच तुमचं काम असेल तर एचएलएस घेऊ नका. सेंटिनेलच घ्या, ढगांचा मार सोसा आणि १००० वजा करायला विसरू नका. रेड एज हवा असेल तरी तो फक्त एस३० च्या तारखांनाच मिळेल. लँडसॅटला त्याचा जोडीदारच नाही, त्यामुळे तो जुळवलेलाही नसतो.

मोठी शेतं, गवताळ माळ, जंगल, धरणाचा काठ, हंगामाची सुरुवात-शेवट, यासाठी मी पाचात साडेचार तारे देते. अर्धा बी०५ साठी कापला.

एक सवय मात्र मी सोडलेली नाही. माझ्या तक्त्यात तारीख, एनडीव्हीआय आणि एफमास्क यांच्यापुढे चौथा स्तंभ असतो: कोणत्या सॅटेलाइटने मोजलं. लँडसॅट ८, लँडसॅट ९, २ए, २बी. एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, जुळवलेला डेटा आहे तर हा स्तंभ कशाला, फाइल उगाच जड होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेंटिनेल-२सी वर गेला आणि पुढच्या जानेवारीत त्याने २ए ची जागा घेतली. त्या तारखेपासून स्तंभात 'सी' दिसू लागला आहे. त्या सहकाऱ्याला मी लिबिया-४ चा चौकोन दिला आणि सांगितलं, 'सी' चे ठिपके हिरव्या रंगात काढ आणि निळ्या बँडपासून सुरुवात कर.